सत्तावीस नंबरचं पत्र

ऑफिसात तिला सगळे 'जनगणना' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला ते मनातून आवडायचंही.

"जनगणना आली, डबे झाका!" असं कुणी ओरडलं की खुर्चीवर बसता बसता ती उत्तर द्यायची, "झाकून काय होणार? तुझा डबा काल तीन मजली होता, आज एकच मजला दिसतोय. बायको रुसली ना?"

आणि बायको खरंच रुसलेली असायची.

घरांच्या खरेदी-विक्रीच्या त्या ऑफिसात तिची तीस वर्षं झाली होती. घरं दाखवणं हे नावाचं काम. खरं काम होतं ते कुठलं घर विकायला निघणार हे मालकाच्या आधी ओळखण्याचं. त्यासाठी ती रोज सकाळी पायी वसाहतीतून एक फेरी मारायची. दुमजली घरं, पुढे हिरवळ, मागे कपडे वाळत घालायची दोरी. ती हिरवळीकडे ढुंकूनही बघायची नाही. दोरी बघायची. दोरीवर शाळेचे छोटे गणवेश असतील तर पुढची दहा-बारा वर्षं त्या घराचं नाव काढायचं नाही. गणवेश जाऊन जीन्स आल्या की कान टवकारायचे. आणि एके दिवशी नुसते दोन टॉवेल दिसले की समजायचं, घरात आता दोनच माणसं उरली आणि चार खोल्या.

वसाहत चाळीस वर्षांपूर्वी वसली ती शाळेसाठी. शाळा मध्यभागी, आणि नियम असा की वसाहतीत राहणाऱ्यांच्याच मुलांना प्रवेश. म्हणून तरुण जोडपी ओढाताण करून इथे घर घ्यायची, पाळण्यासकट राहायला यायची. संध्याकाळी रस्त्यावरून गाडी काढायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून काढावी लागे, इतकी पोरं. मग पोरं शिकली, उडाली. आईबाप तिथेच राहिले. घरांच्या किमती अशा चढल्या की पाळणा असणाऱ्यांना घर परवडेना, आणि ज्यांना परवडे त्यांचे पाळणे कधीच माळ्यावर गेलेले. कोपऱ्यावर खेळण्यांचं दुकान होतं, तिथे आता गुडघ्याचे पट्टे आणि श्रवणयंत्रं मिळतात. पहिलीच्या चार तुकड्या होत्या, तिथे यंदा एकच उरली आणि तिच्यातही एकोणीस मुलं.

"विका ना हो," ती म्हाताऱ्यांना म्हणायची.

"नातवंडं आली की खोल्या लागतात."

नातवंडं वर्षातून बारा दिवस येतात, हेही तिनं मोजलेलं होतं. पण ते ती बोलायची नाही.

तिच्याकडे दोन वह्या होत्या. निळी ती घरवही: घराच्या नंबराप्रमाणे पानं, कोण राहतं, कोण आजारी, कुणाचं कुणाशी वाजलं, पोरांच्या खोड्या, सगळं. तपकिरी ती सालवही: तिच्यात जन्मसालाप्रमाणे नुसते घरांचे नंबर. ज्या घरातलं धाकटं मूल यंदा अठराचं होणार, त्या घराला पत्र जायचं, तिच्या हातचं. छापील पत्र लोक केरात टाकतात, हातानं लिहिलेलं निदान उघडतात, हा तिचा अनुभव. पद्धत अशी की सालवहीतून नंबर काढायचा, मग घरवहीतलं पान उघडून बघायचं, तिथे काही वावगं नसेल तरच पत्र लिहायचं. दिवसाला पाच पत्रं. त्याहून जास्त नाही.

जानेवारीत साहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब म्हणजे जुन्या मालकांचा मुलगा. एके काळी याच ऑफिसात टेबलाखाली बसून तिच्या चपला लपवायचा. आता ती त्याला साहेब म्हणायची आणि तो तिला मावशी.

"मावशी, आठ महिन्यांत तुमच्याकडून एकही घर आलं नाही."

"कुणी विकतच नाही, साहेब. लोक घराला चिकटलेत. मी काय ओढून काढू?"

"दुसऱ्या ऑफिसांना मिळतात. ते काय करतात?"

"दारात उभे राहून गोड बोलतात."

"मग तुम्हीही बोला." त्याला हे बोलणं जड जात होतं, म्हणून तो खिडकीशी बोलत होता. "महिनाअखेरपर्यंत एक घर आणा. एकच. नाहीतर मला तुमचं टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. बाबा असते तर… पण बाबा नाहीत."

तिचं वय एकसष्ट. दुसरं काम कुणी देणार नव्हतं. त्या दिवशी तिनं चाळीस पत्रं लिहिली. एका बैठकीत, सालवही पुढ्यात उघडी ठेवून. निळी वही पिशवीतच राहिली. चाळीस पानं उलटायला वेळ कुठे होता?

तीन दिवसांनी सकाळी दार ढकलून सत्तावीस नंबरच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर, म्हणून वसाहत त्यांना डॉक्टरीणबाई म्हणे. उंच बाई, केस नीट विंचरलेले, हातात पाकीट. त्या सरळ तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हे अक्षर तुमचं?"

"हो, माझंच. बसा ना, ताई."

"बसत नाही. वाचून दाखवा."

तिनं घडी उलगडली आणि वाचायला लागली. ऑफिसात पत्र मोठ्यानं वाचायची तिला सवय होती.

"सप्रेम नमस्कार. आपलं धाकटं मूल यंदा अठरा वर्षांचं होतंय, त्याबद्दल मनापासून अभिनंदन. मुलं मोठी झाली की…"

तिथे तिचा आवाज थांबला. पाकिटावर नंबर होता. सत्तावीस.

सत्तावीसमध्ये दोन मुलं. मोठी मुलगी, ती लग्न होऊन दूर गेली. आणि धाकटा. धाकटा नऊ वर्षांचा असताना तीन दिवसांच्या तापात गेला होता. ती स्वतः भेटायला गेली होती. दिवाणखान्यात सतरंजीच्या कडेला बसली होती, आणि काय बोलावं ते न सुचून एक अक्षर न बोलता उठून आली होती. घरवहीत तिनं ते लिहिलंही होतं. सालवहीतला नंबर मात्र तसाच राहिला होता.

"पुढचं वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ताई, मी… माझ्याकडून फार मोठी…"

"पुढचं वाचा, म्हटलं ना."

"मुलं मोठी झाली की घरही मोठं वाटू लागतं." तिला ते अर्धं कुजबुजतच वाचता आलं. "आपल्याला तसं वाटतं का?"

सगळं ऑफिस मान खाली घालून कागद चाळत होतं. एरवी त्यांच्या जिभांना हाड नसे.

"वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. बहिणीनं नाही, मुलीनं नाही. सगळे म्हणतात, किती छान घर आहे तुमचं, ऊन किती छान येतं. वाटतं मला मोठं. जिना चढताना वाटतं, उतरताना वाटतं. मला ते विकायचंय. सही दोघांची लागते ना?"

"लागते."

"डॉक्टर करणार नाहीत. मी दोनदा विषय काढला, ते उठून वर गेले. पत्र तुम्ही पाठवलंत, आता तुम्हीच येऊन त्यांच्याशी बोला. रविवारी सकाळी."

त्या गेल्या. साहेब केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग जे बोलले त्याची त्यांनाच लाज वाटली असावी.

"मावशी, झालं ते वाईटच झालं. पण त्या स्वतः विकायचं म्हणतायत… जाताच आहात तर संमतीचा कागद बरोबर ठेवा."

ती राहायची वसाहतीबाहेर, पुलापलीकडे. दोन खोल्या, ती आणि तिची नणंद. दोघी विधवा, दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे.

"तीस वर्षं लोकांची पोरं मोजलीत, वहिनी," नणंद म्हणाली, "आणि जे नाही तेच नेमकं मोजायला राहिलं!"

"खोडायला राहिलं."

"तेच ते. आता काय करणार?"

"माफी मागणार."

"आणि कागद?"

"कागद पिशवीत आहे."

"मग माफी मागताना पिशवी हातात धरू नका," नणंद म्हणाली. "आधी बोला, मग पिशवी. नाहीतर त्या माणसाला वाटेल, बाई सौद्याला आली. आणि ही ओढणी बदला. हिच्यात तुम्ही वसुलीला आल्यासारख्या दिसता."

रविवारी डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि नुसतं वर बोट दाखवलं.

धाकट्याची खोली पहिल्या मजल्यावर, टोकाला. गेलेल्या मुलांच्या खोल्या तिनं पाहिल्या होत्या: पलंगावर तीच चादर, टेबलावर तेच दप्तर. ही तशी नव्हती. पलंग होता, पण त्यावर फायली. चारी भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर दातांचे प्लास्टरचे साचे, शेकड्यांनी. जणू कुणी अख्खी वसाहत तोंड उघडून बसवली होती. डॉक्टर स्टुलावर बसून एका साच्यावरची धूळ पुसत होते.

"बसा. पलंगावर बसा, फायली सरकवा." ते हळू आवाजात बोलत. "दवाखान्यात जागा पुरेना म्हणून इथे आणले. ही खालची फळी बघा, वीस वर्षांपूर्वीची. सगळे दुधाचे दात, वाकडे दात, तारा लावायचे दात. आणि ही वरची, गेल्या पाच वर्षांतली. सगळ्या कवळ्या."

"मला दोरीवरून कळतं, डॉक्टर. तुम्हाला तोंडावरून."

ते किंचित हसले. मग म्हणाले, "ती वही आणलीय? ज्याच्यावरून पत्र लिहिलंत ती."

तिनं सालवही काढून दिली. अठरा वर्षांपूर्वीचं पान त्यांनी स्वतःच शोधलं. एकाखाली एक नंबर. मध्ये लिहिलं होतं: 'सत्तावीस. मुलगा. मे.' कुठलीच रेघ नाही. त्यांनी त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"पत्र आलं तेव्हा ही रडली. मी नाही रडलो. मी हिला म्हटलं, ही चूक नाही. एवढी टिपणारी बाई, माणसाच्या डब्याचे मजले मोजणारी, तिच्याकडून अशी चूक होईल का? तिनं मुद्दाम ठेवलाय त्याला. खोडवला नाही तिला. दरवर्षी एकेक वर्षानं मोठा करत आणला." त्यांनी वही मिटली नाही. "मी पण तेच करतो. यंदा तो अठराचा. दाढी आली असती. हिला सांगितलं नाही कधी, ती घाबरेल. पण मला वाटलं होतं, हे करणारा मी एकटाच आहे."

त्यांनी ओळीवरचा अंगठा उचलला आणि तिच्याकडे बघितलं.

"कागद आणलाय ना तुम्ही? आणा. हिला सुटायचंय इथून, मला कळतं. दुसऱ्या कुणाला दिलं नसतं मी हे घर. पण जिनं त्याला खोडला नाही, तिच्या हाती द्यायला हरकत नाही."

त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. खाली जिन्याची एक पायरी वाजली. डॉक्टरीणबाई तिथे येऊन थांबल्या असणार. तिनं पिशवीत हात घातला. कागद बोटांना लागला. करायचं काहीच नव्हतं. फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि टेबल राहणार होतं, खाली उभी असलेली बाई सुटणार होती, आणि कुणाचंच काही वाईट होणार नव्हतं.

कागदाच्या शेजारची निळी वही तिच्या हातात आली.

"डॉक्टर, मी मुद्दाम नाही ठेवलं."

"म्हणजे?"

"राहून गेलं. मला वर्षाला पन्नास नंबर लिहायचे असतात. कोण गेलं की मी या दुसऱ्या वहीत लिहिते. त्या वहीत खोडायचं ध्यानातच आलं नाही. एरवी दोन्ही वह्या ताडून बघते. या वेळी घाई होती. माझं टेबल जायची वेळ आली होती म्हणून एका दिवसात चाळीस पत्रं लिहिली, न बघता. त्यातलं एक तुमचं. मी त्याला मोठा केला नाही, डॉक्टर. मी विसरले होते."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग ते खालच्या फळीकडे वळले.

"हे सांगितलं नसतंत तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"हो."

"त्या वहीत काय लिहिलंय?"

तिनं घरवहीतलं सत्तावीसचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. ते तिनं कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतं. 'धाकटा सायकलवरून पडला, डावा हात.' 'धाकटा मला विचारतो, तुमच्याकडे सगळ्या घरांच्या चाव्या आहेत का. हो म्हटलं. तेव्हापासून घाबरतो.' 'डब्यातलं फळ एकवीसच्या कुत्र्याला घालतो. आईला सांगू नये.' आणि मग, वेगळ्या शाईत: 'धाकटा गेला. तीन दिवस ताप. काही विचारू नये. काही विकू नये.'

डॉक्टरांनी ते एकदा वाचलं, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. "फळ तो खायचा नाही?"

"नाही. रोज कुत्र्याला."

"ही रोज विचारायची, फळ खाल्लंस का. रोज हो म्हणायचा." त्यांच्या खांद्यांना हिसका बसल्यासारखं झालं. हसू होतं की काय, ते तिला कळलं नाही. "हे पान द्याल मला?"

तिनं शिवणीजवळ धरून पान फाडलं. पाठीमागे अठ्ठावीस नंबर होता. तोही गेला.

"सही आज नको," डॉक्टर म्हणाले.

जिन्याच्या पायथ्याशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"काय गरज होती हो तुम्हाला?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पेन हातात होतं त्यांच्या. ऐकत होते मी. दोन मिनिटं गप्प बसला असतात तर मी सुटले असते. आधी चूक करायची ती माझ्या जिवावर, आणि मग खरं बोलायचं तेही माझ्याच जिवावर?"

पिशवी छातीशी धरून ती बाहेर पडली.

महिनाअखेरीला तिनं टेबल रिकामं केलं. साहेब पुलापर्यंत गाडीनं सोडायला आले. उतरताना म्हणाले, "मावशी, मला माफ…" ती म्हणाली, "चपला लपवायचास तेव्हा नाही माफी मागितलीस, आता कशाला?" आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

दीड महिना गेला. ती घरी बसून शिवणाचं किरकोळ काम करू लागली. नणंद म्हणे, "वहिनी, टाके मोजता की घालता?"

मग एक दिवस सकाळी दारावर थाप पडली. नणंदेनं उघडलं आणि आत वळून म्हणाली, "तुमचं सत्तावीस आलंय. बसवू का परत पाठवू?"

डॉक्टरीणबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. खोलीकडे त्यांनी बघितलं नाही, तिच्याकडेही नाही.

"डॉक्टरांनी सही केली. आठवडा झाला. तुमच्याच ऑफिसात गेलो होतो, तुमच्या टेबलावर कुणी दुसराच होता. म्हणाला, त्या आता येत नाहीत. तिघा मुलांचं कुटुंब घेतंय घर. जुळ्या आहेत, आणि एक अंगावरचा."

"पहिलीत दोन वाढतील मग."

"वाढतील." मग त्या एकदम म्हणाल्या, "राग आहे हं माझा तुमच्यावर. गेलेला नाही."

"नसू दे गेलेला."

"ते पान त्यांनी आरशाला लावलंय. रोज दाढी करताना वाचतात. परवा मला म्हणाले, हा तुला रोज थापा मारायचा. नऊ वर्षांनी त्याचं नाव घेतलं माझ्यापुढे." त्यांनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "आम्हाला दोन खोल्या हव्यात. खालच्या मजल्यावर. इकडेच, पुलाच्या या बाजूला. मी म्हटलं ऑफिसात सांगू, तर डॉक्टर म्हणाले, त्या बाईंना विचार. निदान कुठे गळतं ते तरी सांगतील."

नणंद स्वयंपाकघराच्या दारातून खुणा करत होती: हो म्हणा, हो म्हणा.

"तीन आहेत माझ्या बघण्यात," ती म्हणाली. "एकात पाणी कमी येतं. एकाचा घरमालक खडूस आहे, दिवे मोजतो. तिसरं चांगलं आहे, हवा आहे, भिंती कोरड्या आहेत. पण…"

"पण काय?"

"शाळेला लागून आहे, ताई. भिंतीला भिंत. इकडच्या शाळेत एकेका वर्गात साठ मुलं. मधल्या सुट्टीत अर्धा तास कान किटतात. बोललेलं ऐकू येत नाही."

दाराबाहेर कुठे तरी भांडं घासल्याचा आवाज येत होता. मग डॉक्टरीणबाईंनी फोन काढून नंबर लावला, आणि जे ऐकलं ते एकाही शब्दाची काटछाट न करता डॉक्टरांना सांगितलं: भिंतीला भिंत, साठ मुलं, कान किटतात.

पलीकडे इतका वेळ शांतता राहिली की त्यांनी फोन कानापासून काढून बघितला, लागलाय की तुटलाय. मग डॉक्टरांचा आवाज आला, खोलीत तिघींनाही ऐकू जाईल असा.

"मधली सुट्टी किती वाजता असते, विचार त्यांना."

"साडेदहाला," ती म्हणाली.

"मग साडेदहालाच जाऊ बघायला."

नणंदेनं घड्याळाकडे बघितलं आणि वहिनीची चप्पल दारात सरळ करून ठेवली.